‘नेफिला’ प्रजातीची नामचिकित्सा : मावळातील कोळ्यांच्या अभ्यासाच्या अनुषंगाने

१

मावळ तालुक्याच्या पूर्व अंगास, सुधा नदीच्या परिसरात वसलेले सुदुंबरे हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे परिचित आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी हे एक, व्यवसायाने तेली. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले त्यांत परंपरेने त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ व १८७३ मध्ये जो गाथा दोन भागांत प्रसिद्ध झाला, त्याच्या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहिली होती. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांचा आधार घेऊन ‘अस्सल गाथा’ छापला. या वह्यांतील प्रत्येक पाठ निर्दोष आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. छापील पाठाविषयी शंका उत्पन्न झाली असता मागे जाऊन जिच्याशी तो ताडता येईल अशी वस्तू शिल्लक आहे, हे त्यांचे खरे मोल होय. शंभर छापील पुस्तकांनी एकच पाठ दिला, पण ती शंभरही एकाच प्रतीवरून उतरलेली असली, तर त्यांची साक्ष एकाच साक्षीदाराची ठरते.

प्राणिवर्गीकरणाच्या शास्त्रातही नेमका हाच नियम चालतो. एखाद्या जातीचे नाव शेवटी एका मूळ नमुन्याशी बांधलेले असते. कोणत्या ग्रंथात तिचे वर्णन किती वेळा आले आहे, यावर त्या नावाचा अर्थ ठरत नाही. तो मूळ नमुना काय आहे, यावर ठरतो. तथापि व्यवहारात विद्यार्थ्याच्या हाती मूळ नमुना क्वचितच येतो. त्याच्या हाती येतात ती वर्णने, ओळखसारण्या आणि याद्या. आणि त्या बहुतेक वेळा पूर्वीच्या वर्णनांवरून, सारण्यांवरून व याद्यांवरून उतरलेल्या असतात. या उताऱ्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न सह्याद्रीच्या रानात सर्वांत ठळकपणे दिसणाऱ्या कोळ्याच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. तो कोळी म्हणजे सोनेरी सुताचे प्रचंड जाळे विणणारा ‘नेफिला’.

परिभाषेविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. येथे ‘जाती’ हा शब्द आपसांत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांच्या मूलभूत गटासाठी, ‘प्रजाती’ हा निकटच्या जातींच्या समूहासाठी आणि ‘कुल’ हा अशा प्रजातींच्या समूहासाठी योजिला आहे. वृत्तपत्री मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द जातीच्या अर्थाने सर्रास येतो. त्या अर्थाने तो येथे घेऊ नये.

२

‘नेफिला’ ही प्रजाती विल्यम लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१५ मध्ये स्थापिली. कातण्याची आवड असलेली, असा या ग्रीक नावाचा आशय आहे. मराठीत कोळ्यासाठी रूढ असलेला ‘कातीण’ हा शब्दही कातण्याच्याच क्रियेवरून आलेला आहे, हे येथे सहज लक्षात येते. प्रजातीचा आधार म्हणून धरलेली जाती मात्र लीचच्याही आधीची आहे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस याने १७९३ मध्ये ‘अरेनिया पिलिपेस’ या नावाने तिचे वर्णन केले. त्याच ग्रंथात त्याने ‘अरेनिया मॅक्युलाटा’ असे आणखी एका कोळ्याचे वर्णन दिले. ‘पिलिपेस’ म्हणजे केसाळ पायांचा आणि ‘मॅक्युलाटा’ म्हणजे ठिपकेदार. ही दोन्ही नावे एकाच जातीची आहेत, हे पुढे निश्चित झाले.

आता नियम असा की, एका जातीस एकच नाव असावे आणि सामान्यतः जे प्रथम दिले गेले ते टिकावे. कोळ्यांच्या बाबतीत हा अग्रक्रम कार्ल क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाच्या १७५७ च्या ग्रंथापासून मोजला जातो. इतर सर्व प्राण्यांच्या नावांची गणना लिनीअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होत असता कोळ्यांना मिळालेली ही सवलत त्यांच्या अभ्यासाच्या प्राचीनतेची साक्ष आहे. परंतु प्रस्तुत दोन्ही नावे एकाच वर्षाची, एकाच ग्रंथातील. तेव्हा केवळ कालक्रमाने त्यांचा निवाडा होण्याजोगा नव्हता. ‘अरेनिया मॅक्युलाटा’ हे नाव त्यापूर्वीच दुसऱ्या एका कोळ्यास दिले गेले होते, म्हणून ते नियमाने टिकू शकत नव्हते. असे असूनही सुमारे शतकभर ग्रंथांतून चालत राहिले ते ‘नेफिला मॅक्युलाटा’ हेच.

त्याचे कारण शोधणे कठीण नाही. ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील अष्टपाद प्राण्यांवरील खंड लिहिला, आणि भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा तो पायाच ठरला. त्यात हा कोळी ‘मॅक्युलाटा’ या नावाने आला. पुढील भारतीय अभ्यासकांनी पोकॉकचे नाव उचलले, आणि नावाबरोबर लक्षणेही उचलली. बी. के. टिकादर यांनी १९८२ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेत जालकार कोळ्यांवरील खंड प्रसिद्ध केला, तेव्हाही हेच नाव कायम होते. या नावास आज कोणी चिकटून राहिले तर तो काही गुन्हा नव्हे. जुना ग्रंथ वाचताना तर ते ठाऊक असणे आवश्यकच आहे. अपाय होतो तो निराळ्या ठिकाणी. एखाद्या परिसराची यादी दोन-तीन जुन्या याद्या एकत्र करून सिद्ध केली गेली आणि तीत ‘मॅक्युलाटा’ व ‘पिलिपेस’ अशी दोन्ही नावे आली, तर एकच कोळी दोन वेळा मोजला जातो. रानात नसलेली जाती कागदावर जन्मास येते, आणि पुढील यादीकार तिला आणखी दूर नेतो.

तैवानमधील एका संशोधकगटाने या कोळ्याच्या रंगांवर जे काम केले, त्यातील एक निबंध २००२ मध्ये ‘मॅक्युलाटा’ या नावाखाली व दुसरा २००४ मध्ये ‘पिलिपेस’ या नावाखाली प्रसिद्ध झाला. संशोधक तेच, कोळीही तोच. नाव तेवढे पालटले. केवळ नाव पाहून वाङ्मय शोधणाऱ्याच्या हाती यांपैकी एकच निबंध येणार, हे उघड आहे.

३

नावाचा प्रश्न येथे सोडून ओळखीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. जुन्या ग्रंथांतून या प्रजातीतील जाती ओळखण्यासाठी मुख्यतः तीन लक्षणांवर भर दिलेला आढळतो : मादीचा आकार, तिचा रंग आणि उदराची ठेवण. ही तिन्ही डोळ्यांना सहज दिसणारी, बाटलीत ठेवलेल्या नमुन्यावर मोजता येण्याजोगी, म्हणून सारणीकाराला सोयीची. त्यांतील पहिल्या दोहोंवर गेल्या काही दशकांच्या संशोधनाने गंभीर आक्षेप घेतले आहेत.

प्रथम आकार. ‘पिलिपेस’ची पूर्ण वाढलेली मादी शरीराने तीन ते पाच सेंटिमीटर भरते, पाय पसरले असता ती माणसाच्या तळहातालाही आटोपत नाही. नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरांचा. वजनात मादी नराच्या शंभर पटींहून अधिक भरते. सर्वसाधारण कोळी पूर्णावस्थेस पोहोचल्यावर कात टाकण्याचे थांबतो, आणि म्हणूनच पूर्ण वाढलेल्या नमुन्याची लांबी हे लक्षण म्हणून ग्राह्य धरले जाते. परंतु मात्याझ कुंतनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, ‘नेफिला’च्या माद्या प्रजननक्षम झाल्यानंतरही कात टाकतात व वाढत राहतात. मग पूर्ण वाढलेली मादी इतक्या मिलिमीटरांची, या विधानाला जातिलक्षण म्हणून कितपत अर्थ उरतो? लहान अंगाची मादी कदाचित निराळी जाती नसेल. ती एक कात मागे असेल, एवढेच.

दुसरे लक्षण रंगाचे. या कोळ्याचे नेहमीचे रूप म्हणजे काळसर तपकिरी लांबट उदर, त्यावर उभे दोन पिवळे पट्टे आणि पायांच्या सांध्यांशी पिवळे डाग. परंतु पट्टे व डाग नसलेल्या, जवळजवळ संपूर्ण काळ्या माद्याही आढळतात. वर उल्लेखिलेल्या तैवानी अभ्यासात ही एकाच जातीची दोन रंगरूपे म्हणून विचारात घेतली गेली. पिवळ्या पट्ट्यांच्या मादीच्या जाळ्यात काळ्या मादीच्या जाळ्यापेक्षा अधिक भक्ष्य येते, आणि मधमाशीच्या दृष्टीला ते पिवळे पट्टे ठळक व आकर्षक दिसत असावेत, असा त्या निरीक्षणांचा इत्यर्थ होता. म्हणजे ज्या पट्ट्यांना वर्गीकरणकार ओळखीची खूण समजत होता, ते कोळ्याच्या उदरनिर्वाहाचे साधन ठरले. अशा साधनात एकाच जातीत फरक पडू शकतो. त्यावरून जातीची सीमा आखणे धोक्याचे असते.

हा आक्षेप भारतीय अभ्यासकाला विशेष लागू पडतो. डच ईस्ट इंडीजमध्ये वैद्यकी करणाऱ्या डोलेशल याने १८५९ मध्ये ‘कुहली’ या नावाने एका गडद रंगाच्या कोळ्याचे वर्णन केले. भारतीय वाङ्मयातही हे नाव वावरत आले आहे. सह्याद्रीतील एखादी काळी मादी हाती आली असता तिला ‘कुहली’ म्हणावे की ‘पिलिपेस’चे काळे रूप म्हणावे, याचा निर्णय केवळ काळेपणावर करणे म्हणजे निर्णय न करणेच होय. ‘कुहली’ स्वतंत्र असेल तर त्याची साक्ष रंगाखेरीज अन्य अवयवांनी दिली पाहिजे.

तिसरे लक्षण उदराच्या ठेवणीचे. ते तुलनेने अधिक विश्वसनीय, तथापि अंडी घालण्यापूर्वीची व नंतरची मादी शेजारी ठेवून पाहिली असता त्याचीही मर्यादा ध्यानी येते.

मग निर्णय कशावर करावा? कोळ्यांच्या शास्त्रात या प्रश्नाचे प्रस्थापित उत्तर जननेंद्रियांची रचना हे आहे. मादीच्या उदराखाली असलेली कठीण पट्टिका आणि नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांचे टोक हे दोन अवयव जातीजातींत निरनिराळे घडलेले असतात. टिकादर यांच्या कार्याचे मोठेपण येथेच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरील त्यांचा निबंध पुणे विद्यापीठाच्याच नियतकालिकात १९६३ मध्ये आला. पोकॉकच्या काळातील शब्दप्रधान वर्णनाच्या जागी त्यांनी रेखाटनांना महत्त्व दिले आणि मादीच्या जननपट्टिकेचे चित्र ही वर्णनाची नित्याची बाब करून टाकली. आज भारतीय कोळ्यांचा जो जो अभ्यासक आहे, तो या अर्थाने त्यांचा ऋणी आहे.

परंतु ‘नेफिला’ पुरते पाहिल्यास मादीची पट्टिका साधी असते. निकटच्या जातींत तिचा भेद सूक्ष्म असतो. नराच्या स्पर्शपादातील लांब, सडपातळ अग्र अधिक बोलके असते. आणि नेमका नरच संग्रहातून गैरहजर असतो. मादी दुरून नजरेत भरते, नर भरत नाही. प्रचंड जाळ्यात मादीच्या आसपास वावरणारे तांबूस छोटे कोळी हे तिचे नर असतात, हे नवख्या विद्यार्थ्याच्या ध्यानातही येत नाही. उलट त्याच जाळ्यात परान्नपुष्ट म्हणून राहणारे ‘आर्गिरोडेस’ प्रजातीचे चंदेरी, थेंबासारखे कोळी चटकन डोळ्यांत भरतात, आणि त्यांनाच नर समजून बाटलीत घालण्याची चूक घडते. ज्या प्रजातीत मादी नराच्या शंभर पट आहे, त्या प्रजातीचे वर्गीकरण केवळ माद्यांवर उभारणे म्हणजे अर्ध्या पोथीवरून संहिता सिद्ध करणे होय.

४

प्रजातीच्या सीमांचा प्रश्नही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दीर्घकाळ ‘नेफिला’ या एका नावाखाली आशिया, आफ्रिका, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या सर्व खंडांतील सोनेरी जाळ्याचे कोळी मोडत असत. फ्रीड्रिख डाल याने १९११ मध्ये त्यांतील काहींसाठी ‘ट्रायकोनेफिला’ असे नाव सुचविले. पण ते नाव बाजूस पडून राहिले. २०१९ मध्ये कुंतनर व सहकाऱ्यांनी जनुकीय सामग्रीच्या विस्तृत आधारे दाखविले की, आशियातील ‘पिलिपेस’ व आफ्रिकेतील ‘कॉन्स्ट्रिक्टा’ या दोन जाती एका शाखेवर असून बाकीच्या बहुतेक ज्ञात जाती दुसऱ्या शाखेवर आहेत. त्या दुसऱ्या शाखेस डालचे ‘ट्रायकोनेफिला’ हे नाव पुन्हा लाभले. ‘ट्रायको’ म्हणजे केस. केसाळ पायांचा अर्थ असलेले ‘पिलिपेस’ हे नाव धारण करणारी जाती मात्र ‘नेफिला’तच राहिली. नावाचा शब्दार्थ हा लक्षणाचा पुरावा नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कुलाच्या बाबतीत तर फेरे अधिकच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिमों याने या कोळ्यांचा एक उपगट मानून त्यांना जालकार कोळ्यांच्या मोठ्या कुलात ठेविले. टिकादर यांची १९८२ ची मांडणी त्याच परंपरेतील. १९८९ मध्ये लेव्ही व फॉन आइकश्टेट यांनी त्यांना लांब जबड्यांच्या ‘टेट्राग्नॅथिडी’ या कुलात मानिले. २००६ मध्ये कुंतनर यांनी ‘नेफिलिडी’ हे स्वतंत्र कुल केले. त्यानंतर दशकभरात दिमित्रोव्ह व अन्य संशोधकांनी ते पुन्हा जालकारांच्या ‘अरेनिडी’ या कुलात सामावून घेतले. २०१९ मध्ये ते पुनश्च स्वतंत्र झाले. २०२० मध्ये कॅलल व सहकाऱ्यांनी ते पुन्हा अमान्य केले. आणि वाद तेथेही थांबला नाही.

हा इतिहास वाचून एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात शास्त्राविषयीच अश्रद्धा उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविक आहे. तथापि बारकाईने पाहिले असता अलीकडच्या वादातील दोन्ही पक्षांत एका मुद्द्यावर एकमत दिसते. ‘नेफिला’ व तिचे निकटचे नातलग हे एका पूर्वजापासून उद्भवलेले एकसंध कुटुंब आहे, हे दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो या कुटुंबाला कुलाची पायरी द्यावी की उपकुलाची, यावर. पहिला प्रश्न निसर्गाचा आहे, दुसरा मांडणीच्या सोयीचा. जो अभ्यासक हे दोन प्रश्न एकच समजतो, तो प्रत्येक नव्या निबंधाबरोबर आपली यादी पुन्हा लिहीत बसतो. सुदुंबऱ्याच्या परिसरात नमुने गोळा करणाऱ्याने कुल कोणते लिहावे याची चिंता करण्याचे कारण नाही. जाती निःसंदिग्ध असेल तर कुल ज्याचे त्यास बदलून घेता येते. जातीच संदिग्ध असेल, तर कुल कितीही अद्ययावत असले तरी यादी निरुपयोगी.

लक्षणांच्या मोहात पडण्याचा दोष केवळ जुन्यांच्या माथी मारता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये चीनमधील मध्य ज्युरासिक काळातील खडकातून मिळालेल्या एका मोठ्या कोळ्याचे ‘नेफिला ज्युरासिका’ असे नामकरण झाले. मोठा आकार व शरीराची ठेवण यांवरून त्याचे ‘नेफिला’शी नाते जोडले गेले होते, आणि त्यामुळे या प्रजातीचे वय एकदम सोळा कोटी वर्षांच्या घरात गेले. दोनच वर्षांनी, नराचा जीवाश्म उपलब्ध झाल्यावर, त्याच संशोधकांनी आपले मत मागे घेतले, आणि त्या कोळ्यासाठी ‘मंगोलारॅक्ने’ ही प्रजाती व एक स्वतंत्र कुलही स्थापन केले. मादीच्या आकारावरून काढलेला निष्कर्ष नराने खोडून काढावा, ही घटना वरील विवेचनाशी किती जुळते, हे सांगावयास नको. ज्यांनी चूक केली त्यांनीच ती जाहीरपणे दुरुस्त केली, ही त्यातील अनुकरणीय गोष्ट. आणि ती दुरुस्ती शक्य झाली, याचे कारण पहिला नमुना जतन केलेला होता.

जनुकीय पद्धतीने हे सर्व प्रश्न आपोआप सुटतील, अशीही एक श्रद्धा आज प्रचलित आहे. तिच्यात तथ्य आहे, पण मर्यादेने. जनुकीय संग्रहात ठेवलेल्या प्रत्येक क्रमावर जातीचे एक नाव लिहिलेले असते, आणि ते नाव कोणीतरी जुन्याच सारणीवरून ठरविलेले असते. ती ओळख चुकीची असेल, तर पुढील प्रत्येक तुलना त्या चुकीची नक्कल करते. लेखनिकाच्या हातून एकदा पडलेला अपपाठ सुबक छपाईने शुद्ध होत नाही.

५

आता प्रश्न उरतो तो कार्यपद्धतीचा, आणि येथे मावळासारख्या भूभागाला विशेष महत्त्व प्राप्त होते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुदुंबऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. पण तेवढ्यात पावसाचे मान घसरत घसरत घाटमाथ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. घाटातील सदाहरित रानापासून इंद्रायणीकाठच्या शेतांच्या बांधांपर्यंत आणि उघड्या माळापर्यंत निसर्गाची इतकी रूपे एका तालुक्यात येतात. ज्या नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ ‘पुणे’ किंवा ‘मावळ’ एवढेच लिहिलेले आहे, तो नमुना यांपैकी कोठला, हे कोणीही सांगू शकत नाही. रंगरूपातील फरक पावसाशी जोडलेला आहे, वस्तीशी जोडलेला आहे की जातीशी, हा प्रश्न सोडवावयाचा असेल, तर घाटमाथ्यापासून पूर्व मावळापर्यंत टप्प्याटप्प्याने, एकाच ऋतूत, स्थळाच्या नेमक्या नोंदीसह नमुने जमविणे हाच उपाय आहे. ज्या टप्प्यावर शोध करूनही कोळी मिळाला नाही, तेथे तशी नोंद करणे हेही तितकेच आवश्यक.

ओळखीच्या दृष्टीने जाळ्याकडे दुर्लक्ष होते, ही आणखी एक उणीव. बाटलीत जाळे येत नाही, म्हणून जुन्या सारण्यांत ते नाही. वस्तुतः निकटच्या प्रजाती वेगळ्या करण्यास जाळ्यासारखी दुसरी सोपी खूण नाही. ‘नेफिला’चे जाळे झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, कित्येकदा मीटरभर किंवा त्याहूनही रुंद, उन्हात सोनेरी दिसणारे असते, त्याचा मध्य वरच्या कडेकडे सरकलेला असतो. जाळे विणताना घातलेला बिनचिकट धाग्याचा तात्पुरता वेढा इतर जालकार कोळी काम होताच काढून टाकतात. ‘नेफिला’ तो तसाच ठेवते, त्यामुळे चिकट धाग्यांच्या काही ओळींमागे एक निराळी ओळ अशी नियमित रचना दिसते. ‘हेरेनिया’ प्रजातीचे जाळे झाडाच्या बुंध्याला किंवा भिंतीला जवळजवळ चिकटून, शिडीसारखे उभे असते, आणि मादीचे चपटे उदर कडेला कंगोरेदार असते. ‘नेफिलेंगिस’ प्रजातीतील मलबारवरून नाव पडलेला कोळी भिंतीच्या वा खोडाच्या आधाराने जाळे विणतो व त्याच्या वरच्या टोकाशी नळीसारखा आडोसा करून दिवसा त्यात दडतो. नवख्यांची नेहमी गल्लत होते ती ‘आर्जिओपे’शी, परंतु ती मादी जाळ्याच्या मध्यावर पायांच्या जोड्या जुळवून फुलीसारखी बसते, आणि जाळ्यात पुष्कळदा पांढऱ्या सुताची नागमोडी नक्षी असते. कोळ्याला हात लावण्यापूर्वी ही पाहणी करून ती टिपून ठेवली, तर प्रयोगशाळेतील अर्धे काम रानातच उरकते.

एवंच, प्रत्येक नोंदीत किमान पाच गोष्टी असाव्यात : गावाचे नाव व तेथील नेमकी जागा, दिनांक, जाळ्याचे स्थान, जमिनीपासूनची उंची व रचना, त्याच जाळ्यातील नर, मिळाल्यास, आणि ज्या ग्रंथावरून ओळख केली त्या ग्रंथाचे नाव. शेवटची बाब विशेष महत्त्वाची. ‘पिलिपेस’ असे नुसते लिहिण्याऐवजी ‘टिकादर १९८२ यांच्या सारणीनुसार मॅक्युलाटा, म्हणजे पिलिपेस’ असे लिहिले, तर पन्नास वर्षांनी सारणीत दोष आढळला तरी नोंद वाया जात नाही. आणि नमुना एखाद्या संस्थेच्या संग्रहात सुरक्षित असावा. केवळ छायाचित्रावरून केलेली ओळख उपयुक्त असली, तरी जननपट्टिका छायाचित्रात दिसत नाही.

६

वरील चिकित्सेत पोकॉक किंवा टिकादर यांचे कार्य कमी लेखण्याचा हेतू नाही. पोकॉक यांच्यासमोर हिंदुस्थानातून लंडनला पोहोचलेले नमुने होते. रॉटन यांच्यासारखे वनाधिकारी ते पाठवीत. मृत नमुन्यावरून जे सांगता येईल ते त्यांनी नेमकेपणाने सांगितले. टिकादर यांनी एका पिढीत इतक्या कुलांचा पसारा आवरला की, प्रत्येक प्रजातीला सारखा वेळ देणे कोणासही शक्य नव्हते. दोष आहे तो त्यांच्या मागून येणाऱ्यांचा. त्यांनी या ग्रंथांना आरंभ न मानता शेवट मानिले. १९०० मध्ये जी लक्षणे तात्पुरती म्हणून योग्य होती, ती शतकानंतर पुन्हा पुन्हा उतरून घेतल्याने अधिक खरी होत नाहीत.

यात काय पणाला लागले आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोहों अंगांनी कारखाने व वसाहती वाढत आहेत. बांधावरची झाडे, ओढ्याकाठच्या राया ही जालकार कोळ्यांची निवासस्थाने त्यात आक्रसतात. पूर्व मावळात कोणते कोळी होते आणि कोणते गेले, असे उद्या कोणी विचारील, तेव्हा उत्तर देण्यास आजच्या याद्याच असतील. त्या याद्यांतील नावे मागच्या याद्यांवरून उतरलेली असली, तर त्यांवरून काय नाहीसे झाले हे कळणार नाही. जे कधी नव्हते तेही नाहीसे झाल्याचा भास होईल. उलट एका गावाचे, एका ऋतूचे, पण चिठ्ठीसह जपलेले वीस नमुने असले, तर पुढील अभ्यासक आजच्या मतांशी सहमत असो वा नसो, त्याला आपला निर्णय पडताळून पाहता येईल. तुकोबांच्या गाथेचे संपादक एकमेकांशी पुष्कळ भांडले. परंतु भांडता येण्यासाठी वह्या शिल्लक होत्या. कोळ्यांच्या अभ्यासात असा आधार ठेवून जाणे, हे या विषयाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य मानिले पाहिजे.